आपला बांध कुणाच्या घड्याळावर?

बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ बघायला पालम तालुक्यात लांब जावं लागत नाही. आता मोजणीला साखळी नाही, रोव्हर येतो. ई-पीक पाहणीचं ॲपही मोबाईलच्या लोकेशनवरून बघतं, की शेतकरी खरंच शेतात उभा आहे का. ही यंत्रं अंतर मोजतात असं आपल्याला वाटतं. खरं तर ती वेळ मोजतात.

उपग्रह सांगतो, "हा संदेश अमुक क्षणी निघाला." तो पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरचा फरक! बांध सोडा, गटच बदलला.

म्हणून उपग्रहात अणुघड्याळ लागतं. मनगटावरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण थंडी-उन्हानं थोडा मागं-पुढं होतो. अणू तसा हलत नाही. सिझिअमचा अणू एका ठरलेल्या लहरीलाच दाद देतो. ती लहर सेकंदाला ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० वेळा कंप पावते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच ही आहे. अणूची दाद बघून घड्याळ आपला खडा सतत दुरुस्त करत राहतं. उपग्रहात बहुतेक रुबिडिअमची घड्याळं असतात, तत्त्व तेच.

आता मुद्द्याचं. जीपीएस अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आहे. आपलं स्वतःचं 'नाविक' आहे, पण २०१३ ला सोडलेल्या त्याच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही घड्याळं बंद पडली. ती परदेशातून आणलेली होती. मग इस्रोनं अहमदाबादच्या केंद्रात स्वतःचं रुबिडिअम घड्याळ बनवलं आणि २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ मधून पाठवलं. अभिमानाची गोष्ट! पण जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही.

रॉकेट उडालं की आपण स्टेटस ठेवतो. नंतर उपग्रहाचं काय झालं, कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या घड्याळावर उद्या आपल्या सातबाऱ्याची हद्द ठरणार, ते आपल्या देशाचं असावं आणि चालू असावं. रस्ता, पाणी, विमा विचारता तसं एकदा खासदारांना हेही विचारा : नाविकचं काम कुठवर आलं?