गेम खेळणारा आणि गेम बनवणारा

आमच्या शाळेत ‘गेम्स’ हा शब्द संध्याकाळी उच्चारला तर शाबासकी मिळते आणि प्रेपमध्ये उच्चारला तर शिक्षा. पहिल्याचा अर्थ मैदान, दुसऱ्याचा मोबाइल. याच शब्दाचा एक तिसरा अर्थही आहे, पण तो कोणी विचारात घेत नाही. तो म्हणजे गेम बनवणे. माझे मत असे की सैनिकी शाळेत या तिसऱ्या अर्थाला जागा मिळायला हवी.

बाबांची पोस्टिंग दिल्लीला आहे, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी दिल्ली कॅन्टमध्ये गेली. दुपारी बाहेर लू वाहते, कुत्रेसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. घरात नेहरू प्लेसहून आणलेला एक जुना लॅपटॉप होता. पायथनची ओळख शाळेत झाली होती. त्याला पायगेम नावाची फुकट मिळणारी लायब्ररी जोडली की पडद्यावर आपल्या हुकमाने वस्तू हलवता येतात. पहिले तीन दिवस माझ्याकडे फक्त एक हिरवा चौकोन होता आणि तो डावीकडे-उजवीकडे जात होता. आई म्हणाली, एवढ्यासाठी तीन दिवस?

नंतर त्या चौकोनाची आठ जवानांची पेट्रोल झाली. नकाशावर नाला, जंगल, डोंगर आले. एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर अंधार पडायच्या आत पोचायचे, इतकाच खेळ. बाबांच्या युनिटमधले एक हवालदार काका घरी आले होते, मूळचे सातारकडचे. त्यांना मी तो खेळायला दिला. ते डोंगराला वळसा घालून झटकन पोचले आणि म्हणाले, ‘‘बाळा, सगळं झ्याक हाय. पण ह्यांच्याकडं पानी कुठाय?’’

मग मी पाण्याचा नियम घातला. जास्त पाणी घेतले तर वजन वाढते आणि चाल मंदावते. कमी घेतले तर वळशाची वाट जमत नाही, डोंगर चढूनच जावे लागते. कोडच्या जेमतेम वीस ओळी. पुढच्या रविवारी काका पुन्हा बसले, आणि या वेळी पहिले बटण दाबण्याआधी बराच वेळ नुसते पडद्याकडे बघत राहिले. मी लिहिलेल्या एका नियमामुळे वीस वर्षे नोकरी झालेला माणूस विचारात पडला होता. मला चित्रांपेक्षा आणि आवाजांपेक्षा हेच आवडते, हे मला तेव्हा कळले.

हे पोरखेळ वाटत असेल तर थोडा इतिहास सांगतो. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ सादर केला. त्याच्या वडिलांनी तो आधी सुरू केला होता, मुलाने तो खऱ्या नकाशावर आणला. एक चाल म्हणजे दोन मिनिटांची लढाई. नुकसान किती झाले ते फासे ठरवत. खेळाडूने हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा आणि आपल्या तुकडीला जेवढे दिसते तेवढेच त्याला दिसणार. आजच्या मोबाइल गेममध्ये न पाहिलेला भाग काळा असतो ना, तीच ही कल्पना, दोनशे वर्षे जुनी. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाने जमिनीवर खडूने समुद्र आखून पाणबुड्यांविरुद्धचे डाव शोधले, आणि ते खेळ चालवणाऱ्यांत कित्येक तरुण मुली होत्या.

लांब कशाला, दिल्लीतच बघा. मेटकाफ हाउसच्या आवारात डीआरडीओची ‘इसा’ ही संस्था सैन्यासाठी वॉर गेमची सॉफ्टवेअर बनवते. मे २०२२ मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण कमांडने राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी करार केला, तो दिल्लीत वॉर गेम केंद्र उभारण्यासाठी. तिथे नियम लिहायला कोणीतरी लागणारच. ते कोणीतरी आमच्यातले का नसावे?

आक्षेप मला माहीत आहेत. व्यसन लागते, डोळे जातात, मार्क जातात. खेळत बसणाऱ्याच्या बाबतीत हे खोटे नाही, आमच्याच हाउसमध्ये उदाहरणे आहेत. पैसे लावून खेळणे तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदच झाले. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे काढले. संसद जो फरक करते तो आपल्या नोटीस बोर्डानेही करावा, एवढेच म्हणणे आहे.

काही जण विचारतात, मग एनडीएचे काय? मला एनडीएतच जायचे आहे. एसएसबीत ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाइज असते, तिथे मॉडेलपुढे बसवून माणसे, वेळ आणि साधने यांचा मेळ घालायला सांगतात. पाण्याचा नियम लिहिताना मी दुसरे काय करत होतो?

इंटरनेटची गरज नाही, मोबाइल तर नकोच. सुरुवात कागद, फासे आणि एनसीसीच्या सँड मॉडेलवर करता येईल, पंच म्हणून एखादे सर बसतील. कागदावर जो खेळ चालेल त्याचाच कोड लिहायचा, आणि तो एका ज्युनिअरने आणि एका सीनिअरने खेळून पाहिल्याशिवाय पुरा झाला म्हणायचे नाही. रविवारी दहा ते बारा कॉम्प्युटर लॅब बंदच असते. ती आम्हाला द्यावी. झाडून-पुसून किल्ली वेळेवर परत करायची जबाबदारी मी घेतो. सातवीतल्या चौघांनी आताच नावे दिली आहेत.