घरचा हिशेब : यंत्राची किंमत आणि पानाची किंमत

विरार सोडून गाडी डहाणूच्या दिशेने निघाली की पहिले स्थानक लागते ते वैतरणा. स्थानक मागे पडताच नदीवरचे पूल येतात आणि महानगराची दाटी संपल्याची जाणीव होते. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तरी कागदाच्या लहानसहान कामासाठी विरार किंवा पालघर गाठण्याची सवय या पट्ट्यातील अनेक कुटुंबांना आजही आहे. छापील पानाची गरज मात्र कमी झालेली नाही. सातबारा संगणकावर आला, प्रवेशअर्ज ऑनलाइन झाले, शाळेचा गृहपाठ भ्रमणध्वनीवर येऊ लागला. पण प्रत्येकाची छापील प्रत कोठे ना कोठे मागितली जातेच. म्हणूनच घरी प्रिंटर घ्यावा का आणि घेतल्यास कोणता, हा प्रश्न आता चैनीचा न राहता घरखर्चाचा झाला आहे.

उदाहरणादाखल याच परिसरातील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजोबांचे आयुष्य किराणा दुकानात आणि खतावणीत गेलेले. मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस. सून घरीच चौदा मुलांची शिकवणी घेते. नात बारावीला. घरातील कपाटावर एक प्रिंटर कापड झाकून ठेवलेला आहे. चार वर्षांपूर्वी सवलतीत मिळाला म्हणून घेतलेला; दोनदा काडतूस बदलले, तिसऱ्या वेळी त्याची किंमत ऐकून कोणी बदललेच नाही. तेव्हापासून सूनबाई आठवड्यातून एक संध्याकाळ विरारला जाऊन चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापून आणतात.

“टाकीवाला प्रिंटर घेऊ या,” असे त्यांनी सुचवले तेव्हा आजोबांचे उत्तर ठरलेले होते. “एक यंत्र कपाटावर बसले आहे. दुसऱ्याला आणखी बारा हजार कशाला?”

“बाबा, महिनाभर वही लिहिते. मग तुम्हीच सांगा,” एवढेच त्या म्हणाल्या.

ही वही हाच सर्व निर्णयाचा पाया होय. बहुतेक घरांत आधी यंत्र येते आणि गरज नंतर मोजली जाते. लेखाशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर यंत्राची किंमत हा भांडवली खर्च, तो एकदाच होतो. शाई, कागद आणि दुरुस्ती हा महसुली खर्च, तो यंत्र जिवंत असेपर्यंत चालतो. खरेदीदाराची नजर पहिल्या आकड्यावर खिळते, तर उत्पादकाचे उत्पन्न अनेकदा दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते. दाढीचा दांडा स्वस्तात द्यावा आणि पाती आयुष्यभर विकावीत, अशातलाच हा व्यवहार.

या व्यवहाराला दोन बाजूंनी धक्के बसले. पहिला ग्राहकांकडून. काडतुसाचा खर्च परवडेना म्हणून अनेक देशांतील लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडू लागले. हे पाहून एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच शाईची टाकी असलेला प्रिंटर बाजारात आणला. पुढे कॅनन आणि एचपी यांनीही तोच मार्ग धरला. दुसरा धक्का न्यायालयातून आला. वापरलेली काडतुसे पुन्हा भरून विकणाऱ्या व्यावसायिकाला लेक्समार्क कंपनीने न्यायालयात खेचले होते. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वस्तू एकदा विकल्यानंतर विक्रेत्याचा तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. घेतलेल्या वस्तूचे काय करावे हे घेणाऱ्याने ठरवावे, हे साधे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

महिनाअखेर सूनबाईंनी वही आजोबांसमोर ठेवली. दर आठवड्याला दोन पानांची चाचणी, चौदा मुले, चार आठवडे. म्हणजे ११२ पाने. नातीच्या सराव प्रश्नपत्रिका आणि आकृत्या ३०. अर्ज, पावत्या, तिकिटे ८. एकूण १५० पाने. दुकानात प्रिंटला ५ रुपये आणि झेरॉक्सला २ रुपये. चाचणीच्या ८ मूळ पानांचे ४०, त्यांच्या १०४ झेरॉक्सचे २०८, उरलेल्या ३८ पानांचे १९०. महिन्याचे एकूण ४३८ रुपये.

आजोबांनी पेन्सिल घेतली आणि तिन्ही पर्याय एकाखाली एक मांडले. येथे धरलेले भाव केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून आहेत. वाचकांनी खरेदीच्या दिवशीचे भाव त्या जागी घालावेत.

पहिला पर्याय काडतुसाचा प्रिंटर. यंत्र ४,००० रुपयांचे. काडतूस ८०० रुपयांचे, त्यात २०० पाने. म्हणजे पानाला ४ रुपये शाई. पाचशे कागदांचे रीम ३०० रुपयांना धरल्यास कागदाचे ६० पैसे. १५० पानांचा मासिक खर्च ६९० रुपये. म्हणजे यंत्राचे चार हजार मोजूनही दुकानापेक्षा दरमहा २५२ रुपये अधिक! कपाटावरचे यंत्र आळसामुळे बंद पडले नव्हते. ते चालवणेच तोट्याचे होते.

दुसरा पर्याय शाईच्या टाकीचा. यंत्र १२,००० रुपयांचे. शाईच्या बाटलीतून निघणारी पाने मात्र हजारांत मोजली जातात. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटर काळ्या बाटलीतून सुमारे ४,५०० पाने, तर कॅननच्या जीआय-७९० क्रमांकाच्या १३५ मिलिलिटर काळ्या बाटलीतून सुमारे ६,००० पाने निघतात, असे त्या कंपन्या सांगतात. बाटली ४५० रुपयांना आणि तिच्यातून ४,५०० पाने धरली तर पानाला १० पैसे. सफाईत जाणारी शाई लक्षात घेऊन आजोबांनी ते दुप्पट, म्हणजे २० पैसे धरले. कागदासह ८० पैसे. मासिक खर्च १२० रुपये.

तिसरा पर्याय कृष्णधवल लेझर. यंत्र १३,००० रुपयांचे, टोनर पुन्हा भरता येणारे, पानाला १ रुपया. कागदासह मासिक खर्च २४० रुपये.

टाकीच्या यंत्राने दुकानाच्या तुलनेत दरमहा ३१८ रुपये वाचतात. बारा हजार वसूल होण्यास ३८ महिने लागतात. गुंतवलेल्या रकमेवर सात टक्के व्याज धरले तर सुमारे ४३ महिने. लेझरला हाच काळ व्याजाविना साडेपाच वर्षे येतो. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. “साडेतीन वर्षे म्हणजे काही घाईचा सौदा नव्हे, सूनबाई.”

“बाबा, यात माझ्या संध्याकाळी कुठे लिहिल्या आहेत?”

खतावणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न नवा होता. जाणे, गाडीची वाट पाहणे, दुकानातील रांग आणि परत येणे यांत दर वेळी दोन तास. महिन्याचे आठ. ३८ महिन्यांत तीनशेहून अधिक तास. पावती नाही म्हणून हा खर्च कोणत्याच खात्यात चढला नव्हता. चौदा मुलांच्या शिकवणीचे जे उत्पन्न घरात अभिमानाने सांगितले जाई, त्याची मजुरी कोणी मोजलीच नव्हती. आजोबांनी वहीत एक नवी ओळ आखली, तिच्यासमोर ‘आठ तास’ असे लिहिले आणि रुपयांचा रकाना कोरा सोडला. त्या कोऱ्या रकान्यानेच निर्णय झाला.

कोणता प्रिंटर घ्यावा हे ठरवताना केवळ पानाचा भाव पाहून चालत नाही. कंपनीने सांगितलेली पानसंख्या प्रमाणित चाचणीतून येते. रंगीत शाईच्या यंत्रांसाठी आयएसओ/आयईसी २४७११ आणि २४७१२, तर कृष्णधवल टोनरसाठी १९७५२ हे क्रमांक रूढ आहेत. टोनरच्या चाचणीचे पान साध्या पत्रासारखे असते. त्याच्या सुमारे पाच टक्के भागावरच छपाई असते. छायाचित्राने भरलेले पान त्याच्या कित्येक पट शाई पिते. यंत्राबरोबर मिळणारे पहिले टोनर बहुधा कमी भरलेले असते आणि टाकीच्या यंत्रात पहिल्या बाटलीतील काही शाई नळ्या भरण्यातच जाते. पहिल्या महिन्याच्या अनुभवावरून कायमचा हिशेब बांधू नये.

शाईचा प्रिंटर न वापरल्यास खराब होतो. त्याच्या छिद्रांत शाई सुकते. ती मोकळी करण्यासाठी यंत्र सफाई करते आणि सफाईत पुन्हा शाईच खर्च होते. सफाईची शाई यंत्रातील शोषक गादीत जमा होते. ती गादी भरल्यावर काही यंत्रे थांबतात. काही प्रतिकृतींत ती पेटी घरीच बदलता येते, काहींत सेवाकेंद्र गाठावे लागते; खरेदीपूर्वी हे अवश्य विचारावे. मे महिन्यात शिकवणी बंद असली तरी आठवड्याला एक रंगीत पान छापण्याचा नेम या घराला पाळावा लागेल. लेझरमधील टोनर ही कोरडी पूड असल्याने तिला सुकण्याची भीती नाही. मात्र तिला वितळवून कागदावर बसवण्यासाठी मोठी वीज लागते. त्यामुळे लेझर यंत्र लहान यूपीएसवर जोडू नये.

वैतरणेच्या काठी पावसाळ्याचाही विचार हवा. शाई दोन प्रकारची असते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई ओल्या हाताने पसरते. रंगद्रव्याच्या कणांची शाई पुष्कळ टिकते. काही टाकीच्या यंत्रांत काळी शाई दुसऱ्या प्रकारची असते. दप्तरातून भिजत जाणाऱ्या प्रश्नपत्रिकांसाठी तीच योग्य. दमट कागद यंत्रात अडकतो, म्हणून रीम उघडल्यावर उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा.

सर्वांना एकच उत्तर लागू नाही. बोईसरच्या लघुउद्योजकाला मालाच्या प्रत्येक जीएसटी बीजकाच्या तीन प्रती कराव्या लागतात : ग्राहकाची, वाहतूकदाराची आणि स्वतःची. रोज दहा बीजके झाली तर पंचवीस दिवसांत ७५० पाने होतात. तेथे वेगवान आणि न पसरणारी छपाई देणारे कृष्णधवल लेझर शोभते. उलट महिन्याला पंधराच पाने लागणाऱ्या घराने कोणताही प्रिंटर घेऊ नये. ५ रुपये दराने वर्षाचे ९०० रुपये दुकानदाराला द्यावेत. शाई सुकण्याची चिंता त्याने वाहावी.

यंत्र घेताना तीन प्रश्न विचारावेत. मूळ शाईची बाटली जवळच्या गावात मिळते का? हमीचा काळ किती, आणि त्याला पानांची मर्यादा आहे का? दुरुस्तीस माणूस घरी येतो की यंत्र उचलून न्यावे लागते? अनेक यंत्रांची हमी ठरावीक काळ किंवा ठरावीक पाने, यांपैकी जे आधी संपेल तेथपर्यंतच असते.

त्या घरी टाकीचे यंत्र आले. कपाटावरचे जुने यंत्र भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे गेले. आजोबांनी नव्या यंत्राशेजारी दोऱ्याने ती वही बांधून ठेवली. छापणाऱ्याने तारीख आणि पानांची संख्या लिहायची, हा त्यांचा दंडक. पहिल्या आठवड्याची नोंद सूनबाईंच्या हातची आहे : चाचणी, २८ पाने. तिच्या खाली आजोबांच्या वळणदार अक्षरात आणखी एक ओळ आहे : संध्याकाळ, एक, शिल्लक.