केदार, सकाळच्या परिपाठाला

परवा गावातल्या भजनी बुवांना मी सहज म्हटलं, शाळेच्या परिपाठात मुलं 'हम को मन की शक्ति देना' म्हणतात ना, तो केदार. बुवांनी पेटी पुढे ओढली, सा धरला, थेट मध्यमावर गेले आणि हसले. "अरे, ता तर आमचा शाळेतला गाणा! केदार म्हणान कोणी सांगूकच नाय."

केदार रात्रीचा राग. दोन्ही मध्यमांचा, वाकडी चाल असलेला. नवख्याच्या गळ्यात सहसा कोणी घालत नाही. संगीतकार वसंत देसाईंनी 1971 च्या 'गुड्डी'त तो शाळकरी मुलींच्या तोंडी दिला, तोही प्रार्थनेसाठी. कोकणभर तो रोज सकाळी गायला जातो आणि प्रहर मोडल्याची तक्रार कोणी करत नाही! त्याच सिनेमात वाणी जयराम यांच्याकडून त्यांनी मियाँमल्हारही गाऊन घेतला.

देसाई आपल्या मुलखातले. 1912 साली सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावचा जन्म, बालपण कुडाळ भागात. पुढे प्रभात कंपनी. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त ते गायलेसुद्धा. 'झनक झनक पायल बाजे'साठी अमीर खाँ, 'गूंज उठी शहनाई'साठी बिस्मिल्ला खाँ, असे उस्ताद त्यांनी सिनेमात आणले. आपण त्यांचं कौतुक करतो ते एवढ्यावरच. मला मात्र त्यांच्यातला मास्तर मोठा वाटतो. मुलांची समूहगानं त्यांनी हौसेने बसवली, आणि मुलांसाठी म्हणून सूर पातळ केला नाही. 'श्यामची आई'तली गाणी घ्या किंवा 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना. शिकलेला गळा नसला तरी चाल हाती लागते. 1966 साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांत 'मैत्रीं भजत' गायल्या, ती चालही त्यांचीच.

1975 च्या डिसेंबरात मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले.

असा मास्तर आता शाळेला कुठून मिळणार? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगीताचा वेगळा शिक्षक नसतो. पण जवळपास प्रत्येक वाडीत बुवा आहे, त्याच्या घरी पेटी आहे, पखवाज आहे. डबलबारीच्या भजनाला रात्र जागवणाऱ्या या माणसाला आठवड्यातून एक तास शाळेत बोलवायला काय हरकत आहे? मानधन द्यावं, निदान चहा तरी. प्रार्थना संपली की बाई लगेच 'खाली बसा' म्हणतात. त्याआधी बुवांनी पेटीवर एकदा सा आणि मध्यम दाबून दाखवावा, आणि ही चाल बांधणारा माणूस कुडाळकडचा, एवढं सांगावं.