कुंभकोणमचा अभंग आणि आपला वाङ्मयेतिहास

कला हा संस्कृतीचा अलंकार होय, असे आपण सहज म्हणून जातो. अलंकार अंगावर असला तर शोभा येते, नसला तर जगणे अडत नाही. या कल्पनेचा परिणाम आपल्या इतिहासलेखनावर झाला आहे. राजवटी, लढाया आणि महसूल यांची प्रकरणे आधी लिहावीत आणि शेवटी ‘कला व वाङ्मय’ या मथळ्याखाली चार पाने जोडावीत, हा शिरस्ता पडून गेला आहे. कावेरीकाठच्या कुंभकोणम परिसराचा विचार करू लागले म्हणजे मात्र हा क्रम उलटा लावावा असे वाटते. तेथील मराठी सत्ता संपून दीडशेहून अधिक वर्षे लोटली; त्या सत्तेबरोबर आलेला अभंग अजून गायिला जातो, आणि तो गाणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा मराठी नाही.

व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरची गादी हस्तगत केली. 1799 च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर नाममात्र राहिलेली गादीही संपली. हे मराठे आले ते काही ओसाड भूमीत आले नाहीत. कुंभकोणमलगतच्या दारासुरम येथे बाराव्या शतकातील चोळ शिल्पकारांनी शैव संतांची चरित्रे लहानलहान शिल्पपट्टांत आधीच कोरून ठेविली होती. खुद्द गावातील रामस्वामी मंदिर हे नायक राजांच्या काळचे. संतचरित्र दगडात वाचण्याची आणि रामकथा भिंतीवर पाहण्याची सवय असलेला हा समाज होता. त्याच्यापुढे मराठी भाषा परकी म्हणून उभी राहिली, आणि राज्यकर्त्यांची भाषा म्हणून तिच्याविषयी प्रेम वाटण्याचे काही कारणही नव्हते.

या इतिहासाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष वळले ते मुख्यतः एका वादामुळे. मराठी नाटकाचा आरंभ 1843 मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा झाला, की त्याआधी दीड शतक तंजावरच्या शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ रचले तेव्हा झाला? या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आमच्या मते प्रश्नच चुकीचा मांडला गेला. ‘पहिले’ कोणते हे ठरविण्याच्या घाईत ही नाटके मुळात कोणत्या जातीची होती, हे पाहावयाचे राहून गेले.

तंजावरी नाटकांचा घाट यक्षगानाचा आहे. त्यांतील ‘दरू’ नावाची गीते कर्नाटक संगीताच्या रागांत बांधलेली आहेत. स्वतः शहाजीराजांनी (कारकीर्द 1684–1712) तेलुगूतही विपुल नाट्यरचना केली, आणि त्यांचे ‘पंचभाषाविलास’ तर नावाप्रमाणे पाच भाषांत चालते. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिले. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगणारी कुरव स्त्री हे त्यातील प्रमुख पात्र. सरफोजीराजांनी त्या स्त्रीच्या तोंडी पृथ्वीचा नवा भूगोल घातला. तमिळ घाट, मराठी भाषा आणि युरोपीय विद्या यांचा हा मेळ आहे. अशा कृतीला केवळ ‘मराठी नाटक’ म्हणून मराठी वाङ्मयेतिहासाच्या परिशिष्टात बसविणे म्हणजे तिचे दोन तृतीयांश अंग कापून टाकणे होय. तेलुगू आणि तमिळ वाङ्मयाचे इतिहासकारही आपापला तुकडा घेऊन हेच करतात.

तथापि याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही नाटके दरबाराच्या आश्रयाने उभी राहिली आणि दरबार मोडल्यावर त्यांचा रंगमंचही मोडला. आज ती सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तेथे मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत आणि 1918 पासून ते ग्रंथालय सर्वांस खुले आहे. नाटके सुरक्षित आहेत, काही छापलीही गेली आहेत. परंतु ती जिवंत आहेत असे म्हणता येणार नाही.

उलट कुंभकोणमच्या आसपासच्या खेड्यांत काय घडले ते पाहावे. 1693 मध्ये शहाजीराजांनी तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना दान दिले. श्रीधर अय्यावाळ तेथले. बोधेंद्रस्वामींची समाधी गोविंदपुरमला आहे. या दोघांनी नामसंकीर्तनाचा पाया घातला आणि मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी (1777–1817) त्या भजनाला क्रम लावून दिला, असे परंपरा मानते. हा क्रम वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम ऐकावा. जयदेवाची संस्कृत अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदासांची तेलुगू पदे, पुरंदरदासांची कन्नड पदे, त्यागराजांच्या कृती, तमिळ कीर्तने, आणि त्यांच्या जोडीला मराठी अभंग. शहाजीराजांनी दरबारात पाच भाषा एकत्र आणल्या त्या विद्वत्तेच्या विलासासाठी. या भजनात त्याहून अधिक भाषा एकत्र नांदतात त्या गरजेसाठी. ज्याला जे पद हवे त्याने ते आपल्या भाषेत आणावे, आणि इतरांनी मागून म्हणावे, अशी ती व्यवस्था आहे.

कीर्तनाची गोष्टही अशीच. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून कीर्तनकार तंजावरास येत राहिले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावर कृष्णभागवतर (मृ. 1903) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आणि छंद त्यांनी कर्नाटक संगीताशी जुळविले, आणि निरूपण तमिळमध्ये ठेविले. त्या भागातील भागवतर पुढे बराच काळ ही मराठी वृत्ते शिकत राहिले. त्यांना तसे करण्याची आज्ञा कोणत्याही राजाने दिलेली नव्हती. आज्ञा देणारा राजाच उरला नव्हता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खरा आहे. अर्थ न कळता म्हटलेला अभंग म्हणजे केवळ चाल. उच्चार बदलतात, शब्द झिजतात, आणि ज्या सामाजिक वेदनेतून तुकोबा किंवा चोखोबा बोलले ती वेदना कावेरीकाठी पोहोचतच नाही. यात तथ्य आहे. अग्रहारातील भजनात चोखोबाचे दुःख मवाळ होऊन जाते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गाणारा भागवतर अभंगाच्या मध्ये थांबतो आणि त्याचा आशय तमिळमध्ये सांगतो, एखाद्या नायन्माराची कथा त्याला जोडतो. हे भाष्य कागदावर नाही, म्हणून आपण त्याची दखल घेत नाही. वस्तुतः भारतीय भाषांतील देवघेवीचा फार मोठा भाग अशा तोंडी भाष्यातूनच झाला आहे. अनुवादाचा इतिहास लिहिताना छापील पुस्तके मोजणारे आपण या भाष्याला कोठे ठेवणार?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मानवी इतिहासात कला टिकते ती तिच्या आश्रयदात्याच्या बळावर नव्हे. परक्यांनी ती आपल्या उपयोगाची मानली म्हणजे टिकते. परभाषी शेजाऱ्यांना एकत्र बसण्यासाठी काहीतरी निमित्त लागते. कुंभकोणमला अभंगाने ते निमित्त पुरविले. ज्या समाजाला अशा कलेची गरज भासते त्याच्या दृष्टीने ती अलंकार राहत नाही. ती रोजच्या वापरातील वस्तू होते, आणि वापरातील वस्तू माणसे सहसा टाकून देत नाहीत.

हे मान्य केले तर विद्यापीठांतील भाषाविभागांना काही गोष्टी कराव्या लागतील. तंजावरी मराठी नाटके मराठीच्या विद्यार्थ्याने तेलुगू आणि तमिळच्या विद्यार्थ्यासोबत एकाच वर्गात वाचली पाहिजेत. वाङ्मयेतिहासाची काही पाने भाषेऐवजी प्रदेश हा घटक धरून लिहिली पाहिजेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मराठी दप्तरातील मोडी कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत; ती किती मराठी अभ्यासकांनी पाहिली आहेत? आणि भागवतरांचे तोंडी भाष्य ध्वनिमुद्रित करून त्याचे संपादन झाले पाहिजे. हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही. हस्तलिखित शंभर वर्षे वाट पाहू शकते. गाणारा माणूस पाहू शकत नाही.

2011 मध्ये गोविंदपुरम येथे विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर उभे राहिले. तेथे जाणाऱ्या मराठी माणसाला ‘आपला विठोबा येथवर आला’ याचा अभिमान वाटतो. तो वाटावा. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तेथल्या लोकांना तो त्यांचाच वाटतो. आपल्या वाङ्मयाचा गौरव इतरांनी त्याला आपले म्हणण्यात आहे, एवढे जरी आपल्या इतिहासग्रंथांनी मान्य केले तरी पुष्कळ झाले.