मोटर तापू द्या, पण मोजा

सीएनसी राउटरवर दरवाजाची नक्षी काढायला लागल्यापासून माझ्या शेडमध्ये येणारा प्रत्येक जाणता माणूस मोटरवर हात ठेवतो आणि झटकन मागे घेतो. 'अरे बंद कर, मोटार जळतली!' हा ठरलेला सल्ला. तो मायेपोटीच असतो, पण इथे हाताचा भरवसा धरून चालत नाही. ६० अंशांच्या धातूवर हात जेमतेम क्षणभर टिकतो आणि बहुतेक स्टेपर मोटरचं कवच ८० अंशांपर्यंत तापलं तरी चालतं. आतल्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनची मर्यादा तर बी वर्गात १३० आणि एफ वर्गात १५५ अंश असते.

आधी मोटर कुठली ते बघावं. साधी स्टेपर नुसती उभी असली तरी करंट खाते, म्हणून तापतेच. सर्वो लोड येईल तेवढाच करंट घेते. त्यामुळे आडव्या अक्षाची सर्वो रिकामी उभी असताना तापली, तर मात्र शंका घ्यावी: ट्यूनिंग बिघडून ती जागच्या जागी थरथरत असेल, नाहीतर स्क्रू कुठेतरी आवळला असेल. 'हायब्रिड सर्वो' म्हणून मिळते ती मुळात स्टेपरच, फक्त एन्कोडर लावलेली.

कॅटलॉगमधले आकडे बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली आमच्याकडे हवाच तिथवर जाते. त्यात फणसाचा भुसा बसू नये म्हणून लोक मोटरला प्लास्टिकची पिशवी बांधतात. मग उष्णता जाणार कुठून? आणि मर्यादेच्या वर दर १० अंशांमागे इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

उपाय स्वस्त आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो तापमान कमी दाखवतो, म्हणून मोटरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. तासभर काम झाल्यावर मोटरचा आणि शेडमधल्या हवेचा आकडा भिंतीवर लिहावा. मोटर हवेपेक्षा किती तापली, हा फरक महत्त्वाचा. तेच काम, तीच फीड आणि फरक मात्र २५ वरून ४० वर गेला, तर मशीन थांबवून कारण शोधावं.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयेही आहेत. त्या प्रशिक्षणात एक तास या मोजमापाला द्यावा. आणि लाखाचं मशीन विकणाऱ्याने मोटरचा इन्सुलेशन वर्ग, कवचाचं कमाल तापमान आणि हवेची मर्यादा मराठीत लिहून द्यावी. फोन केला की 'पंखा लावा' एवढंच ऐकायला मिळतं. त्यासाठी विक्रेता कशाला हवा?