डब्यातला डबा आणि एक हट्टी एरर

घरात कोणी पायथन शिकत असेल, तर आजचा लेख त्यांना नक्की दाखवा. माझी फजिती त्यांच्या कामी येईल!

मी बीए इंग्लिशवाली, कोडिंग हौसेने शिकलेली. इंदूरहून आई दिवाळीचा फराळ कुरिअरने पाठवते, त्या ऑर्डरींसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात पायडँटिक वापरलं. सॅम्युएल कॉल्विन यांनी 2017 मध्ये आणलेली ही मोफत लायब्ररी माहिती ठरलेल्या साच्यात बसते का ते तपासते. माझ्या 'ऑर्डर'च्या साच्यात 'पत्ता' हा दुसरा साचा होता. डब्यात डबा म्हणा ना!

कुरिअरवाला दारात उभा, आई चकलीचे डबे बांधतेय आणि लेबलं छापताना स्क्रीनवर आलं, 'डिक्ट' ऑब्जेक्टला 'पिनकोड' हा अ‍ॅट्रिब्यूटच नाही. घाईत मी टिंब काढून चौकोनी कंस टाकला. त्या ऑर्डरचं लेबल निघालं, पण बाकीच्या सगळ्या अडकल्या, कारण त्यांचा पत्ता खरोखरच 'पत्ता' होता आणि त्याला कंस चालत नाहीत. शेवटी माझ्या यादीवरून आईने मार्करने पत्ते लिहिले. माझ्या प्रोग्रॅमपेक्षा ती फास्ट निघाली!

रात्री प्रत्येक ऑर्डरच्या पत्त्याचा टाइप प्रिंट करून पाहिला. तुम्हीही आधी हेच करा. सगळीकडे 'पत्ता', एकाच ठिकाणी 'डिक्ट'. ती ऑर्डर पुण्याच्या मावशीची. तिने घर बदललं म्हणून मी तयार ऑर्डरमध्ये नवा पत्ता थेट डिक्ट म्हणून टाकला होता.

गोम इथेच आहे. ऑर्डर पहिल्यांदा बनते तेव्हा पायडँटिक आतला डिक्ट तपासून त्याचा 'पत्ता' बनवतं. नंतर केलेला बदल मात्र ते आपणहून तपासत नाही. त्यासाठी मॉडेल कॉन्फिगमध्ये 'व्हॅलिडेट असाइनमेंट' ट्रू करावं लागतं. 'मॉडेल कन्स्ट्रक्ट' आणि 'मॉडेल कॉपी'मधलं अपडेट हेही तपासणी टाळतात, तेव्हा तिथे जपून. एररमध्ये 'डिक्ट'ऐवजी 'ननटाइप' दिसलं, तर बहुधा ऐच्छिक ठेवलेला आतला डबा रिकामाच राहिलाय.

सेटिंग चालू करून प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर आता तो मावशीच्याच पत्त्यावर थांबला. पिनकोड सहा अंकी हवा हा नियम मीच लिहिला होता आणि टाइप केले होते पाच. आईनेही तेच पाच लिहिले होते. सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच मी कुरिअरवाल्यांना फोन लावला.