हेडाचं नाव कुणाच्या खात्यात?

विजापूरच्या चित्रांचा विषय निघाला की आपल्याकडचा एखादा जाणकार हमखास सांगतो, ‘अहो, तिथे एक डच चित्रकार होता. त्यानेच त्यांना युरोपियन कला शिकवली!’ ऐकणारे माना डोलावतात. मला हे पटत नाही.

माणूस खरा होता. कॉर्नेलिस हेडा, हॉलंडमधल्या हार्लेमचा. प्रागला सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी काम करून तो पूर्वेकडे निघाला आणि 1610 च्या सुमारास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात चित्रकार झाला. 1622 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. डच ईस्ट इंडिया कंपनीशी त्याचा पत्रव्यवहार होता, म्हणून तो आपल्याला माहीत आहे.

पण गुरू? पुरावा काय? निर्विवादपणे त्याच्याच हातचं म्हणावं असं चित्र आज समोर नाही. उलट 1580 मध्येच गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अँटवर्पला छापलेलं सचित्र बायबल अकबराला भेट दिलं होतं. युरोपची छापील चित्रं घाट चढायला हेडाची वाट पाहत बसली नव्हती.

आणि इब्राहिम कोण होता? दखनीत ‘किताब-ए-नौरस’ रचणारा, त्यात सरस्वती-गणपतीला वंदन करणारा, 1599 मध्ये नौरसपूर वसवायला घेणारा. अशा रसिकाने मास्तर नेमला नाही, आपल्या मैफिलीत आणखी एक कलावंत बसवला. हेडाचा मोठेपणा त्यातच आहे. हार्लेमचा माणूस बारा वर्षं दख्खनमध्ये चाकरी करतो, ही काय लहान गोष्ट झाली?

खरं दुखणं वेगळंच. विजापूरच्या बहुतेक चित्रकारांनी नावं मागे ठेवली नाहीत. मग जे चांगलं दिसेल ते नाव असलेल्या परक्याच्या खात्यात जमा! हा हिशोब साहेबाने मांडला असेल, पण वही आपणच सांभाळतो आहोत.

गोवेकरांनी तरी असं करू नये. साष्टीतले मंगेश आणि शांतादुर्गा 16व्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाने फोंड्याच्या मुलखात आले, तेव्हा तो मुलूख आदिलशाहीत होता. तो दरबार आपल्याला परका नव्हे. त्याच्या निनावी चितेऱ्यांची बाजू आपण नाही घ्यायची, तर कुणी घ्यायची?